चावायचा चहा

मला मऊ अन्नाचा राग येतो. ताकभात, आसट खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, असलं काही ताटात आलं की माझं डोकं फिरतं, आणि वाढणारा माणूस कितीही प्रेमाने वाढत असला तरी माझ्या तोंडून एखादा तिरका शब्द निघून जातो. घरातले याला माझं खूळ म्हणतात. मीही तसंच म्हणू देते. खरं कारण सांगायचं तर एका चहापासून सुरुवात करावी लागते, आणि तो चहा आमच्या घरात कधी धड झालाच नाही.

माझे बाबा बोटीवर स्वयंपाकी होते. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर आणि उरलेले पनवेलला, बंदर रोडच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत. सुट्टीवर आले की ते साबण, कॅसेटी आणि खाण्याच्या गोष्टी घेऊन यायचे. साबण आई कपाटात ठेवायची, कॅसेटी मी वाजवायची आणि गोष्टी संध्याकाळी चालायच्या. कुठल्या बंदरात लोक मासा कच्चाच कसा खातात, कुठे भाताला आंबवून त्याचं काय करतात. आई ऐकताना तोंड वाकडं करायची आणि शेवटी विचारायची, "मग तुम्ही खाल्लंत?" बाबा म्हणायचे, "खाल्लं तर."

त्यातच एकदा तो चहा आला. नव्वदीची सुरुवात होती, मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. तैवानच्या एका बंदरात बोट चार दिवस अडकली म्हणून बाबा गावात फिरायला गेले, तर तिथे पोरंपोरी रस्त्यात उभं राहून मोठमोठ्या ग्लासांतून चहा पीत होती. थंड चहा, दुधाचा. तळाशी काळ्या गोळ्या, करवंदाएवढ्या. आणि करंगळी जाईल एवढी जाड नळी. "नळीने ओढायचं," बाबा म्हणाले आणि गाल आत घेऊन दाखवलं. "चहा येतो, येतो, आणि मधेच टपकन एक गोळी जिभेवर. मग ती चावत बसायची. चहा चावायचा, काय समजलीस? चावायचा."

आई म्हणाली, "चहा गार करायचा आणि त्यात साबुदाणा घालायचा. यासाठी एवढ्या लांब गेलात?"

"साबुदाणाच, पण जरा अभ्यास केलेला," बाबा म्हणाले. "पुढच्या सुट्टीत करून घालतो."

पुढच्या वेळी बाबा आले ते करार अर्धवट टाकून. अन्ननलिकेत गाठ होती. मुंबईच्या हॉस्पिटलात त्यांना महिनाभर किरणांचा शेक दिला, आणि दोन महिने नाकातून नळी घातली होती. त्या नळीतून त्यांना दूध, डाळीचं पाणी, ताक असं सगळं पिचकारीने द्यायचं. चवीचा प्रश्नच नव्हता, कारण जिभेला त्यातलं काही लागायचंच नाही. ज्या माणसाने पंचवीस वर्षं चव बघून पातेलं उतरवलं, त्याला आम्ही गाडीत पेट्रोल भरावं तसं जेवण भरत होतो. मला त्या वेळी ते बघवायचं नाही आणि मी काहीतरी निमित्त काढून गॅलरीत जाऊन उभी राहायची.

नळी काढली तेव्हा डॉक्टरांनी आईला नीट समजावलं. फक्त पातळ. गाळलेलं. घट्ट काही अडकलं तर पुन्हा नळी, आणि या वेळी ती नाकातून नाही, पोटाला भोक पाडून घालावी लागेल. आईने ते ऐकलं आणि घरी आल्यावर त्या दिवसापासून सगळं सुती फडक्यातून गाळायला सुरुवात केली. पेज गाळायची, सूप गाळायचं, एकदा तर मी तिला ताक गाळताना बघितलं. तिला बोलून उपयोग नव्हता. भीतीने तिला पार कह्यात घेतलं होतं.

आम्हा दोघींनाही मग बाबांसमोर खाताना चोरट्यासारखं वाटायला लागलं. आम्ही आतल्या खोलीत जेवायचो, पाटावर, आवाज न करता. पापड बंद झाला, चिवडा बंद झाला, काकडी बंद झाली. कुणी असं ठरवलं नव्हतं. एके दिवशी बाबा पडद्यापलीकडून म्हणाले, "पापड भाज गं एखादा. घरात आवाज राहिला नाही." त्यांचा स्वत:चा आवाज तोवर कुजबुजीएवढा झाला होता.

मी पापड भाजला आणि त्यांच्यासमोर बसून खाल्ला. ते माझ्या जबड्याकडे बघत होते. मी खात होते आणि त्यांच्या तोंडाच्या कडा माझ्याबरोबर हलत होत्या, रिकाम्याच. 

त्याच संध्याकाळी त्यांनी चहाचा विषय काढला. तळोज्याकडून वारा आला की आमच्या गल्लीत कारखान्यांचा तो उग्र वास भरायचा, बाबा नेहमी विचारायचे, "आज कुठल्या बंदराला लागलो?" त्या दिवशी स्वत:च उत्तर दिलं, "तैवान." आणि म्हणाले, "तो चहा करू या."

आई म्हणाली, "गोळ्या गिळणार कशा?"

"गिळायच्या नाहीत. चावायच्या आणि थुंकायच्या. मला फक्त चावायचंय."

आईचा चेहरा असा झाला की जणू त्यांनी तिला शिवी दिली. आमच्या घरात अन्न थुंकणं नव्हतं. खडा लागला तरी घास गिळून मग खडा काढून ठेवायचा. पानातलं एक शीत सांडलं तर ती उचलून कपाळाला लावायची. "नको ते बोलू नका," एवढंच ती म्हणाली आणि उठून गेली.

पण बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. कारण त्या आठवड्यात ते पेजेची वाटीसुद्धा अर्धी ठेवायला लागले होते. दुधाकडे बघायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. वजनाचं तर विचारूच नका. मला वाटलं, एकदा हा माणूस चावू दे. एकदा तोंडाला तोंडाचं काम मिळालं की पुढे पेज आपोआप जाईल. यात शास्त्र किती आणि आशा किती हे मला आजही सांगता येणार नाही.

पहिली खेप मी वाया घालवली. साबुदाणा म्हटल्यावर माझ्या हाताने जे केलं तेच आमच्याकडच्या कुठल्याही बाईच्या हाताने केलं असतं. मी तो धुतला, बोटाच्या पेरापर्यंत पाणी ठेवलं आणि झाकून ठेवून दिला. सकाळी तो खिचडीसाठी फुलतो तसा सुरेख फुलला होता. तो मी गुळाच्या पाण्यात सोडला आणि दोन मिनिटांत पातेल्यात खळ तयार झाली, पोस्टर चिकटवायच्या लायकीची. बाबांना नेऊन दाखवली. त्यांनी चमच्याने ती ताणून बघितली.

"भिजवलास?"

"मग? साबुदाणा भिजवतातच."

"बोटीवर असतीस तर समुद्रात फेकलं असतं," ते म्हणाले. "तुला की साबुदाण्याला, ते नंतर ठरवलं असतं."

कितीतरी दिवसांनी ते असं बोलले होते. मला शिव्या खाऊन इतका आनंद त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

मग ते खाटेवर उशीला टेकून हुकूम सोडायला लागले. कोरडाच टाक, उकळत्या पाण्यात. तसा टाकला तर दाणे राहिले, पण बारीक, मध्ये पांढरा डोळा असलेले. "ही माशांची अंडी झाली," बाबा म्हणाले. "पीठ करून गोळ्या वळायला हव्यात. त्यात दुसरं काहीतरी घसरतं पीठ पाहिजे."

ते दुसरं पीठ दारात चालून आलं. कर्नाळ्याच्या डोंगराकडून एक बाई आमच्या गल्लीत फिरायची, थंडीत करांदे, उन्हाळ्यात करवंदं. त्या दिवशी तिच्या पाटीत एका फडक्यात पांढरी भुकटी बांधलेली होती. हे काय, असं मी विचारलं.

"तवकीर हाय," ती म्हणाली. "रानहळदीचा कंद किसायचा, पान्यात धुवायचा, पानी निवलून द्यायचा. खाली बसल तो सुकवायचा. आजारी मानसाला देताव आमी."

"मऊ लागतं का?" आईने मागून विचारलं.

"लय मऊ. जिभंवर ठेवला का गेला."

आईने लगेच पदराच्या गाठीतून पैसे काढले. मी खूश झाले की आई तयार झाली. पुडी आम्ही एकच घेतली, पण तिने आणि मी ती दोन वेगळ्या कारणांसाठी घेतली होती, हे मला कळलं नाही.

तवकीर आणि साबुदाण्याचं पीठ निम्मं निम्मं. काळा गूळ पाण्यात विरघळवून कढ आणायचा आणि तो कढच पिठावर ओतायचा. थंड पाणी घातलं तर सगळं हातातून पळून जातं. मळायचं ते गरम असतानाच, बोटं भाजली तरी. मग करवंदाएवढ्या गोळ्या वळायच्या, कोरड्या तवकिरात घोळवून ठेवायच्या. त्या उकळत्या पाण्यात सोडायच्या, वर तरंगल्या की घड्याळात बघून दहा मिनिटं, आणि काढून गार पाण्यात. बाबांनी त्यातलं एकेक पाऊल सांगितलं. चहात दूध गुळामुळे फाटू नये म्हणून चहा आधी पूर्ण निवू द्यायचा, तेही त्यांनीच. जाड नळी कुठून आणायची यावर ते म्हणाले, "पपई." आमच्या मोरीच्या मागे पपईचं झाड होतं. त्याच्या पानाचा देठ पोकळ असतो. मी एक तोडून आणला, चीक जाईपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवला आणि फुंकून बघितला. छान वारा येत होता.

तो शनिवार होता. माझं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं, चुकवता येण्यासारखं नव्हतं. सकाळी मी गोळ्या वळून ताटात ठेवल्या, वर फडकं टाकलं आणि आईला सांगितलं, तरंगल्या की दहा मिनिटं, जास्त नाही, मी चारला येते. तिने मान हलवली. दिवसभर मी त्या परीक्षानळ्यांसमोर उभी राहून मनातल्या मनात बाबांना गोळी चावताना बघत होते.

परत आले तेव्हा बाबा उठून बसले होते. त्यांनी दाढी केली होती. बोटीवरचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, त्यात आणखी एक माणूस मावला असता. शेजारी स्टुलावर त्यांनी स्वत: एक रिकामी स्टीलची वाटी मागून ठेवून घेतली होती, थुंकायला. मला ती वाटी बघून हसू आलं. म्हणजे आईने ऐकलं तर.

आईने ग्लास आणला. तळाशी काळपट काहीतरी दिसत होतं. सोबत चमचा होता.

"नळी?" बाबांनी विचारलं.

"नळी नको," आई म्हणाली. "एक नळी नाकात होती, ती पुरे झाली."

बाबा आवाज न करता हसले आणि चमचा घेतला. तळातून भरून तोंडात घातला. मी त्यांच्या जबड्याकडे बघत होते. तो एकदा हलला. जीभ गालात कुठेतरी गेली, दुसऱ्या गालात गेली, शोधत असल्यासारखी. मग सगळं थांबलं आणि त्यांनी घोट गिळला, अगदी सहज.

"पेज हाय ही," ते म्हणाले.

गावची बोली ते फार थकले तरच बोलत. रागावले नव्हते. आईकडे बघितलंही नाही. उरलेला ग्लास त्यांनी हळूहळू सगळा संपवला, तोंड पुसलं आणि शर्टाचं वरचं बटण काढलं. ती वाटी कोरडीच होती.

मी आत गेले. पातेल्यात काही नव्हतं, पण दोरीवर सुती फडकं वाळत होतं आणि त्यावर काळा डाग होता. आईने गोळ्या तासभर शिजवल्या होत्या, रवीने घोटल्या होत्या, आणि वर गाळल्या होत्या. आमचा तीन दिवसांचा खटाटोप तिने एका फडक्यातून खाली सोडला होता.

मी तिच्यावर ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. त्यातलं बरंचसं आता आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं. "शेवटची एक गोष्ट मागितली होती त्या माणसाने, तीसुद्धा तुला देववली नाही."

शेवटची. आमच्या घरात तोवर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, भेटायला येणाऱ्यांनी नाही, बाबांनीही नाही. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, पडदा होता. पलीकडे बाबा ग्लासात चमचा फिरवत होते, तो आवाज थांबला.

आईने दोरीवरचं फडकं ओढून हातात घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "चुकून गिळलं असतं तर? आणि मी रांधलेलं त्यांनी थुंकायचं? मी कशी बघू ते?"

मी पडद्याबाहेर गेले तेव्हा बाबा आडवे झाले होते. त्यांनी विचारलं, प्रॅक्टिकल कसं गेलं. मी म्हटलं, बरं गेलं. मला त्यांच्या पायाशी बसून सांगायचं होतं की मला तसं म्हणायचं नव्हतं, पण तसं सांगितलं असतं तर तो शब्द पुन्हा एकदा घरात आला असता. म्हणून मी रिकामा ग्लास उचलून आत नेला. त्यानंतरच्या कुठल्याच दिवशी मला ते जमलं नाही. मी भित्री आहे, आईपेक्षा कितीतरी जास्त, हे मला तेव्हा कळलं.

बाबांनी चहाचा विषय पुन्हा काढला नाही. कुठलाच विषय काढला नाही म्हणा ना. पेज दिली की दोन चमचे घ्यायचे, आईचं मन राखायला. वास आला तरी कुठलं बंदर ते विचारायचे नाहीत. थंडी सरता सरता ते गेले, दुपारी, आई फडकं पिळत असताना.

दहाव्याच्या दिवशी पहाटे मी उठले. डब्यात थोडं तवकीर उरलेलं होतं. सुतकात चुलीवर गोड चढवत नाहीत, हे मला माहीत होतं. मी गुळाचा कढ केला, पिठावर ओतला, बोटं भाजून घेत मळलं आणि गोळ्या वळल्या. तरंगल्यावर घड्याळात बघून दहा मिनिटं. आई भिंतीला टेकून बसली होती आणि बघत होती. एरवी ती बोलली असती.  गोळ्या मी एका छोट्या डबीत भरल्या आणि पर्समध्ये टाकल्या.

गाढी नदीच्या काठावर बायका जात नसत. मी हट्टाने गेले. काकाने, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, पिंड ठेवले. माझा बेत पक्का होता. कावळा शिवणार नाही, सगळे हात जोडून एकेक वचन देतील, पोरीचं लग्न करू, वहिनीला बघू, आणि तरी शिवणार नाही. मग मी पुढे होईन आणि डबी उघडेन. बाबा माझ्यावर रुसलेले असायला हवे होते. मला ते हवं होतं.

काका मागे सरायच्या आधीच कावळा आला. खाली उतरला, पिंडाला चोच मारली, आणखी दोन आले. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. "दादा तृप्त गेला," काका डोळे पुसत म्हणाला. "काही राहिलं नव्हतं मनात." माणसं लगेच चपला शोधायला लागली. मी पर्सवर हात ठेवून उभी होते. सांगणार कुणाला, आणि कावळ्यापुढे माझं कोण ऐकणार होतं?

घरी आले तर आई दारातच होती. "शिवला?"

"लगेच."

तिने डोळे मिटले आणि उघडले. मग हात पुढे केला. "डबी दे."

मी दिली. तिने एक गोळी उचलली आणि तोंडात टाकली. गोळी आता चांगली घट्ट झाली होती. आई उभ्याउभ्या ती चावत राहिली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, नजर बाबांच्या रिकाम्या खाटेवर. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग ती मोरीत गेली, वाकली आणि तिने तो घास थुंकला. नीट बघितलं, त्यावर तांब्याने पाणी ओतलं, चूळ भरली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला होता.

"जमतं गं," ती म्हणाली. "जमलं असतं त्यांना."